बागवानाची गाडी : कामावरून पारखावी



बैलबाजारात उभा राहिलेला जाणता शेतकरी आधी काय पाहतो? शिंगे रंगवलेली आहेत की नाहीत, अंगावर झूल आहे की नाही, याकडे त्याचे लक्षही जात नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. आणि या सगळ्याच्या आधी, घरून निघतानाच, त्याने स्वतःला एक प्रश्न विचारलेला असतो : आपली जमीन काळी की मुरमाड, आणि या जनावराकडून आपल्याला नांगरट करून घ्यायची आहे की गाडी ओढवून घ्यायची आहे?

आज अशाच एका पारखीची हकिगत सांगायची आहे. फरक एवढाच, की इथे जनावर लोखंडाचे आहे आणि बाजार इंग्लंडातला आहे. बागांची निगा राखणारा आणि झाडे उतरवणारा एखादा लहान व्यावसायिक आपल्या कामासाठी जुनी, नावाजलेली गाडी घेऊ पाहतो. कोणती घ्यावी? प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर नीट द्यायचे, तर त्या गाड्या मुळात कोणत्या गरजेतून जन्माला आल्या हे पाहावे लागते. म्हणून हा विषय इतिहासाचा.

प्रथम हा धंदा काय आहे ते समजून घेऊ. इंग्लंडात घरापुढे-घरामागे बाग असण्याची मोठी हौस. गवत कापणे, कुंपणाच्या झुडपांची छाटणी करणे, वाळलेल्या फांद्या काढणे, धोक्याचे झाड दोर लावून तुकड्यातुकड्यांनी खाली उतरवणे, ही कामे करणारी एक-दोन माणसांची असंख्य दुकाने तिकडे चालतात. झाडावर चढून काम करणाऱ्याला तिकडे ‘ट्री सर्जन’ म्हणतात. आपण त्याला वृक्षवैद्य म्हणू.

या वृक्षवैद्यांच्या कामाला दोन आपत्तींनी मोठी भर घातली. पहिली एल्म वृक्षाच्या रोगाची. १९६०च्या दशकाच्या अखेरीस बाहेरून आलेल्या लाकडाबरोबर या रोगाची एक जहाल जात ब्रिटनमध्ये शिरली आणि पुढच्या काही वर्षांत अडीच कोटींहून अधिक एल्म वृक्ष मेले. दुसरी आपत्ती वादळाची. १५ ऑक्टोबर १९८७च्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दक्षिण इंग्लंडवर वादळ आले. एका रात्रीत सुमारे दीड कोटी झाडे आडवी झाली आणि ब्रिटनमध्ये अठरा माणसे दगावली. रस्त्यावर पडलेले झाड कापायचे कोणी? आणि कापलेले लाकूड न्यायचे कशातून? मोडक्या झाडाखाली काम करणाऱ्या माणसाला धार लावलेल्या करवतीइतकीच भरवशाची गाडी लागते, हे अशा वेळी कळते.

मोटार येण्यापूर्वीही झाडांची वाहतूक होत होती. १८८० साली डोव्हरजवळच्या बकलंड गावी विल्यम बॅरन नावाच्या उद्यानविशारदाने चर्चच्या आवारातला एक प्राचीन यू वृक्ष मुळांसकट उचलून काही अंतरावर पुन्हा लावला. मातीसकट त्याचे वजन पन्नास टनांहून जास्त होते. तो वृक्ष जगला. पण असे प्रसंग क्वचित. रोजच्या कामाला हातगाडी आणि घोड्याची गाडी, एवढाच संसार. घोडा चिखलात उतरे, शेतात चाले, रस्त्यावरही चाले. मोटार आली तेव्हा ती रस्त्यावर वेगाने पळू लागली खरी, पण ओल्या शेताच्या कडेला येऊन थांबली. ट्रॅक्टर शेतात उतरला, पण गावाच्या रस्त्यावर तो गोगलगाय! दोन्हीकडे चालणारा ‘घोडा’ यंत्रात नव्हता.

तो आला युद्धातून. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याने एक हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी मागितली आणि त्यातून जीप जन्मली. महायुद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. १९४५ साली विलीज कंपनीने तिचा नागरी अवतार शेतकऱ्यांसमोर ठेवला. हीच जीप पुढे मुंबईत महिंद्र कंपनीने जोडायला घेतली, आणि १९५२नंतरच्या सामूहिक विकास योजनेच्या काळात आपल्या खेड्यांच्या धुळीच्या रस्त्यांवर सरकारी माणूस आला की तो बहुधा जीपमधूनच आला, हे जुन्या माणसांना आठवत असेल.

आता इंग्लंडात परत येऊ. रोव्हर कंपनीचा मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स याची वेल्समधल्या अँगलसी बेटावर शेतीवाडी होती. तिथल्या कामाला त्याने युद्धातली एक जुनी जीप ठेवली होती. गाडी उत्तम चाले. पण ती निकामी झाली की दुसरी आणायची कुठून? मॉरिसचा भाऊ स्पेन्सर विल्क्स हा कंपनीचा प्रमुख. दोघा भावांच्या बोलण्यातून विचार पुढे आला : अशी गाडी आपणच का बांधू नये?

वेळही तशीच होती. युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती. जो माल परदेशी पाठवील त्याला पोलाद आधी, असा सरकारचा कल होता. रोव्हरच्या उंची मोटारींना बाहेर फारसे गिऱ्हाईक नव्हते. मग कंपनीने काय केले? बाहेरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा घेतला, कारण तो मिळत होता. पत्र्याला वळणे-वळसे फारसे दिले नाहीत, कारण महागडे साचे करायला पैसा नव्हता. खालचा सांगाडा पोलादी पट्ट्या जोडून, चौकोनी पेटीसारखा केला. इंजिन आपल्याच मोटारीचे घेतले. बरं का, ज्या रूपाचे आज लोक कौतुक करतात, ते कोणा कलावंताने योजलेले नाही; टंचाईने घडवलेले आहे!

१९४७ साली जो पहिला नमुना केला, त्याचे सुकाणूचक्र ट्रॅक्टरसारखे मधोमध होते. पुढे ती कल्पना सोडून दिली. पण ट्रॅक्टरचा एक गुण राखला : इंजिनाची शक्ती बाहेर काढून दुसरे यंत्र फिरवण्याची सोय, ज्याला आपण पी.टी.ओ. म्हणतो. त्यावर करवत चालवा, पंप चालवा, मळणीयंत्र चालवा. ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ही ‘लँड रोव्हर’ लोकांपुढे आली. पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर ८० इंच, आणि आरंभीची किंमत ४५० पौंड. दिवस निभावण्यापुरती काढलेली ही गाडी थोड्याच काळात कंपनीच्या मोटारींपेक्षा जास्त खपू लागली. १९५८ साली तिची दुसरी मालिका निघाली, १९७१ साली तिसरी. १९९० साली तिला ‘डिफेंडर’ हे नाव मिळाले. आणि २९ जानेवारी २०१६ रोजी सॉलिहल येथील कारखान्यातून या वंशातली शेवटची गाडी बाहेर पडली. तोवर वीस लाखांहून अधिक गाड्या झाल्या होत्या. आणखी एक योग असा, की २००८ साली टाटा मोटर्सने हा उद्योग फोर्ड कंपनीकडून विकत घेतला. तेव्हा अँगलसीच्या शेतावर जन्मलेल्या या गाडीची अखेरची आठ वर्षे मुंबईच्या मालकीखाली गेली.

इंग्लंडच्या समुद्रापलीकडे, हरलेल्या जर्मनीतही त्याच सुमारास असाच विचार चालला होता. अल्बर्ट फ्रीडरिश हा विमानाच्या इंजिनांचा अभियंता. विमाने बांधणे आता बंद. पण देशाला धान्य हवे होते. त्याने आखलेल्या गाडीचे नाव ‘उनिमोग’. हे बहुउपयोगी मोटारयंत्र अशा अर्थाच्या जर्मन शब्दांचे लघुरूप आहे. डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर त्याने किती ठेवावे? १२७० मिलिमीटर, म्हणजे बटाट्याच्या दोन सऱ्यांइतके. गाडीचे माप पिकावरून घेतले! चारही चाके सारखी, चारांनाही जोर, मागे माल ठेवायला हौदा, २५ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आणि ताशी ५० किलोमीटर वेग. १९५१ साली तिचे उत्पादन डायम्लर-बेंझ कंपनीच्या गागनाऊ येथील कारखान्यात गेले. आणि तिच्या कपाळावर आरंभी कोणते चिन्ह होते, ठाऊक आहे? शिंगे असलेले बैलाचे डोके. यापुढे जाऊन ही उनिमोग जंगलात आणि नगरपालिकांच्या उद्यानखात्यांत रमली, यात नवल नाही.

तिसरी गाडी अगदी वेगळ्या घराण्यातली. ॲलेक इसिगोनिस याने आखलेली ‘मॉरिस मायनर’ ही छोटी मोटार १९४८ साली आली. एक दशलक्ष खपलेली ती पहिली ब्रिटिश मोटार. १९५३ साली तिची बंद व्हॅन आणि उघड्या हौद्याची पिकअप निघाली. टपालखात्याने या व्हॅन वापरल्या, दुकानदारांनी वापरल्या आणि माळ्यांनीही वापरल्या. याच वर्षी निघालेल्या ‘ट्रॅव्हलर’ या तिच्या बहिणीच्या पाठीमागची चौकट चक्क ॲश झाडाच्या लाकडाची होती. ती चौकट नुसती शोभेची नव्हे; मागच्या अंगाचा भार तीच सोसे.

आणि चौथी, १९६५ साली निघालेली ‘फोर्ड ट्रान्झिट’. हिला चिखलात उतरण्याची हौस नाही, हिच्या रूपाचे कोणी गोडवे गात नाही. पण अंगाने रुंद, पोटात जागा पुष्कळ, आणि मागे हवा तसा हौदा बसवून घ्यावा. हौदा उचलून माल ओतणारी ट्रान्झिट कारागिरांच्या धंद्याला फार मानवली.

इथवर कुळकथा झाली. आता पारख. आपला तो बागवान चारही गाड्यांपुढे उभा आहे. त्याने आधी काय पाहावे?

पहिली गोष्ट वजन. इथे भलेभले फसतात, कारण लाकूड डोळ्यांना हलके वाटते. ताज्या तोडलेल्या ओकचे एक घनमीटर लाकूड सुमारे एक टन भरते. शिक्षकबंधूंनी हा हिशेब वर्गात जरूर घालावा. खोडाचा व्यास ६० सेंटिमीटर, लांबी एक मीटर, घनफळ किती? त्रिज्येच्या वर्गाला पायने गुणा : सुमारे ०.२८ घनमीटर. म्हणजे हा एकच ओंडका २८० किलोच्या घरात गेला. मॉरिसच्या पहिल्या पिकअपची भारक्षमता पाच हंड्रेडवेट, म्हणजे सुमारे २५० किलो. एका ओंडक्यातच तिची मर्यादा ओलांडली! आरंभीच्या लँड रोव्हरची भारक्षमता अर्ध्या टनाच्या आसपास. तिने फार तर एक ओंडका आणि वर थोड्या फांद्या न्याव्यात. हौद्यात जागा शिल्लक दिसते म्हणून आणखी भरू नये. हौदा डोळ्यांनी भरायचा नसतो, वजनाने भरायचा असतो.

दुसरी गोष्ट ओढण्याची. फांद्यांचा बारीक भुगा करणारे यंत्र आज वृक्षवैद्याच्या गाडीमागे असतेच. ब्रिटिश नियम असा, की मागच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर तिचे वजन ओढणाऱ्या गाडीच्या निम्म्याहून जास्त नसावे, आणि कोणत्याही परिस्थितीत ७५० किलोपेक्षा जास्त नसावे. पहिल्या लँड रोव्हरचे वजन साधारण बाराशे किलो. म्हणजे सहाशे किलोपर्यंतच तिची मुभा. मायनरची तर चारशेच्याही आत. ‘ओढते की!’ म्हणून चालत नाही. गाडी ओढणे सोपे, उतारावर थांबवणे कठीण. घाट उतरणाऱ्या बैलगाडीवाल्याला हे कोणी शिकवावे लागत नाही.

तिसरी गोष्ट जमीन आणि वाट. काम गावातल्या घरांच्या बागांचे असेल, तर गाडी डांबरी रस्त्यावरच उभी राहायची. चारही चाकांना जोर असण्याचा तिथे उपयोग काय? त्यासाठी जास्तीचे पेट्रोल मात्र रोज जळायचे. उलट काम ओल्या कुरणात, रानाच्या कडेला, पडलेल्या झाडाजवळ असेल, तर ट्रान्झिट फाटकाशीच अडेल आणि लँड रोव्हर किंवा उनिमोग आत जाईल. जुनी लँड रोव्हर जेमतेम सव्वापाच फूट रुंद. जुन्या अरुंद गल्ल्यांतून ती निघते, हाही तिचा गुण.

चौथी गोष्ट गंज. अ‍ॅल्युमिनियम पोलादासारखे गंजत नाही, म्हणून लँड रोव्हर वरून तजेलदार दिसते. पण खालचा सांगाडा पोलादाचा आहे. हिवाळ्यात तिकडे रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, आणि ते मीठ सांगाडा आतून खाते. शिवाय जिथे अ‍ॅल्युमिनियम पोलादाला टेकते, तिथे ओलाव्याने अ‍ॅल्युमिनियमही झडते. ट्रॅव्हलरची लाकडी चौकट ओल धरून कुजते. तेव्हा रंगाकडे पाहू नये; गाडीखाली आडवे व्हावे आणि हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. मडके घेताना आपली आई-आजी टिचकी मारून पाहते ना, तसेच.

पाचवी गोष्ट सुटे भाग आणि मिस्त्री. इथे मात्र लँड रोव्हर आणि मायनर दोघी बाजी मारतात. दोन्ही गाड्या लाखांनी झाल्या, त्यांच्यामागे हौशी मंडळींचे संघ उभे राहिले, आणि त्यांचे भाग अजून नव्याने तयार होतात. रचना साधी, पाना-हातोडी घेऊन मालक स्वतः बरेच काही दुरुस्त करू शकतो. उनिमोग दणकट खरी, पण तिचे काम जाणणारा मिस्त्री प्रत्येक गावात नसतो, आणि भाग महाग.

सहावी गोष्ट जबाबदारीची. ब्रिटनमध्ये मोटारींची दरवर्षी सरकारी तपासणी होते. मे २०१८ पासून चाळीस वर्षांपुढच्या, मोठे फेरफार न झालेल्या बहुतेक गाड्यांना ती तपासणी सक्तीची राहिली नाही. हे ऐकून काहींना आनंद होतो. पण गाडी सुस्थितीत राखण्याची जबाबदारी मालकावरून उतरलेली नाही. हौसेने रविवारी बाहेर काढायच्या गाडीची गोष्ट निराळी. करवती, दोर, इंधनाचे डबे आणि दोन गडी घेऊन रोज निघणाऱ्या गाडीचे ब्रेक सरकारने पाहिले नाहीत, तर ते आपण पाहायचे. तिच्यात बसलेला गडी हा कोणाचा तरी मुलगा असतो, कोणाचा तरी बाप असतो.

मग निवाडा काय? एकट्याने लहान बागांची निगा राखायची असेल, गवतकापणीचे यंत्र, चार कुदळी आणि पाच-सहा पोती पालापाचोळा एवढेच ओझे असेल, तर मॉरिसची पिकअप पुरेशी आहे. शेते, कुरणे, कुंपणे आणि जळाऊ लाकूड असे मिश्र काम असेल, तर लांब अंगाची, दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालिकेतली लँड रोव्हर घ्यावी. पण सांगाडा तपासून. मोठी झाडे उतरवून लाकूड वाहून नेण्यावरच पोट असेल, तर जुनेपणाचा मोह सोडावा आणि ट्रान्झिटसारखी साधी, हौदा उचलणारी गाडी, आणि तीही शक्य तितकी नवी, घ्यावी. उनिमोग त्याने घ्यावी, ज्याच्याकडे तिला वर्षभर पुरेल इतके रानातले काम आहे.

यात एक खंत वाटण्याजोगी गोष्टही आहे. पहिल्या मालिकेतल्या लँड रोव्हर आज संग्राहकांच्या हाती गेल्या आहेत. ज्या गाडीच्या पाठीवर मेंढ्या, खत आणि ओंडके वाहिले, ती आता पुसूनपासून छपराखाली ठेवतात. आपल्याकडेही नांगराची लाकडे आणि बैलगाडीची चाके हॉटेलांच्या दारात शोभेला उभी दिसतात, त्यातलाच हा प्रकार. स्मृती जपणे वाईट नाही. पण अवजार शोभेचे झाले, की त्याची किंमत त्याच्या कामाशी फटकून वाढते, आणि ज्या कष्टकऱ्यासाठी ते घडले त्याच्याच आवाक्याबाहेर जाते. नाव ऐकून, रूप पाहून, कर्ज काढून अशी गाडी घेणारा लहान व्यावसायिक गाडी पोसतो. गाडी त्याला पोसत नाही.

विल्क्स बंधूंनी काय केले? शेतावरची गरज पाहिली, हाताशी असलेला धातू घेतला आणि गाडी बांधली. फ्रीडरिशने काय केले? बटाट्याच्या सरीला पट्टी लावली. दोघांनीही आधी काम मोजले आणि मग यंत्र आखले. घेणाऱ्यानेही तोच क्रम ठेवावा. आधी आपल्या वर्षभराच्या कामाची यादी कागदावर मांडावी : किती वजन, कसली वाट, किती दूर, बरोबर किती माणसे. ती यादी हातात धरून मग बाजारात जावे. मॉरिसचा असो, रोव्हरचा असो की फोर्डचा असो, जो बैल त्या यादीला उतरेल तोच आपल्या दावणीला बांधावा.